मथुरामायच्या बाळंतिणी

सुरतेच्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो तेव्हा आमच्या खात्याला मांजर हे जनावर ठाऊकच नव्हतं. नोंदवहीत गाय, म्हैस, बैल, घोडा आणि शेळी एवढी नावं छापलेली होती आणि कडेला 'इतर' म्हणून एक अरुंद रकाना होता. त्या रकान्यात वर्षभरात एखादा उंट, कुठल्याशा पारशी बाईचा पोपट आणि सर्कशीतलं एखादं आजारी माकड येऊन जाई. पुढं एका बाईनं तो रकाना मांजरांनी भरून टाकला. त्या बाईला सगळे मथुरामाय म्हणत.

साठच्या दशकातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात म्हशींची रांग लागली होती आणि त्या रांगेला अजिबात न जुमानता एक ठेंगणी, काळीसावळी, पन्नाशीची बाई थेट डॉक्टरांच्या टेबलाशी आली. नऊवारी लुगडं घट्ट खोचलेलं, मनगटं मोकळी, नखं मुळापर्यंत कापलेली. हातात झाकणाची वेताची टोपली होती. ती तिनं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डाक्टर, हिनी पाचवी खेप व्हयनी. आते बंद कर."

आमचे डॉक्टर नायक हे दक्षिण गुजरातेतले खानदानी शेतकरी, अंगानं भक्कम, आणि बैल खच्ची करण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. त्यांनी सहज झाकण उचललं. पुढच्या क्षणी मांजर औषधांच्या कपाटावर होतं आणि आयोडिनची बाटली जमिनीवर.

"माजी, आ तो बिलाडी छे!" डॉक्टर ओरडले.

"मंग, मी बैल म्हणं का?" ती शांतपणे म्हणाली.

अहिराणीत अहो-जाहो फारसं नाही. ज्या माणसाला सगळं सुरत 'साहेब' म्हणे त्याला ही बाई पहिल्या भेटीत 'तू' म्हणाली, आणि मला वाटतं, डॉक्टर तिथंच निम्मे विरघळले. तरी त्यांनी तिला समजावून पाहिलं. मांजरीचं पोट उघडावं लागतं, क्लोरोफॉर्म द्यावा लागतो, आपण कॉलेजात असताना एका कुत्रीचं केलं होतं तेवढंच, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तीनच प्रश्न विचारले. किती वेळ लागेल, टाके किती, आणि दोरा उकळून घेता का. तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं.

"तू कोण?" त्यांनी विचारलं.

"सुईन," ती म्हणाली.

मी नोंदवही उघडली. जनावराच्या मालकाचं नाव आणि सही असल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येत नसे. मालक कोण म्हणून विचारलं तर तिनं मलाच वेड्यात काढलं. "मांजरले कोण मालक रास रे भाऊ?" मी नियम सांगितला. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग मनंच नाव लिख." अंगठा उठवून घ्यायला मी शाईचा पॅड पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला आणि टाक मागितला. विहारातल्या साक्षरतेच्या वर्गात ती सही शिकली होती. 'मथुरा' ही तीन अक्षरं तिनं पार दोन ओळी व्यापून लिहिली.

ती अमळनेरकडची. नवरा रेल्वेत गँगमन म्हणून उधन्याला आला आणि तिथंच वारला. ही मागं राहिली ती बमरोली रस्त्यावरच्या एका चाळीत. चाळ बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. त्या चाळीतली आणि आजूबाजूच्या चार चाळींतली बाळंतपणं हिच्या हातची. बौद्धाची बाई म्हणून काही घरांत तिच्या हातचा चहा चालत नसे, पण कळा सुरू झाल्या की तिच्याच दारावर थाप पडे. त्याबद्दल ती कडवटपणानं कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "जलमताना बठ्ठा पोरं मना हातवर येतस. बाटनं ते तधळच बाटनं." आणि स्वतःच खूष होऊन हसली.

सुईणीचं काम मूल बाहेर आलं की संपत नाही. मागाहून पडलेली वार तिलाच पुरावी लागते, आणि ती खोल पुरावी लागते, कारण वार जनावरानं उकरली तर मुलाच्या जिवाला धोका असं मानतात. गावाकडं त्याला अंगण असतं. इथं चाळीमागं गटाराशेजारी हातभर रुंदीची मातीची पट्टी, आणि लूमच्या कारखान्यांतल्या उंदरांवर पोसलेली मांजरं तर गल्लोगल्ली. एकदा केसरबाईच्या घरी नातू झाला. मथुरामायनं वार पुरली, वर दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक मांजरी ती तोंडात धरून सगळ्या चाळीसमोरून ऐटीत चालत गेली.

केसरबाई म्हणजे त्या चाळीचं हायकोर्ट. नळावर पहिला हंडा तिचा, भांडणात शेवटचा शब्द तिचा. तिनं आकांत मांडला. तासाभरात पुरुषमंडळी गोणपाटं घेऊन उभी राहिली. सगळी मांजरं पोत्यात भरायची आणि तापीत नेऊन सोडायची असं ठरलं. मथुरामाय पोत्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दोन वरीस द्या. दोन वरीसमा या चाळमा नवं पिल्लू दिसनं ते मना हातनं बाळंतपण करू नका."

म्हणजे बाईनं आपला धंदाच मांजरांवर लावला होता. तिच्याजवळ दुसरं काहीही नव्हतं. बैलाचं होतं तर मांजरीचं का होऊ नये, एवढ्या एका विचारावर ती आमच्याकडं आली होती. मांजरीचंही होतं असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन दिवस पुस्तक वाचलं आणि तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया केली. बैलाशी खेळणारे ते हात, त्यात ते चिमुकलं पोट. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम गळत होता. मथुरामाय मांजरीचे मागचे पाय धरून उभी होती आणि अजिबात नजर न हलवता आत पाहत होती. डॉक्टरांना गर्भाशय सापडेना तेव्हा तिनंच बोट दाखवलं, "हाई दख, आठे शे." नंतर डॉक्टर मला म्हणाले की या बाईच्या बोटांना डोळे आहेत.

मांजर शुद्धीवर येऊ लागलं तशी ती म्हणाली, "आते शेक कधळ देवाना?"

डॉक्टरांना कळेना. मी समजावलं, बाळंतिणीला शेगडीचा शेक देतात, ओव्याची धुरी देतात, त्याबद्दल विचारतेय. डॉक्टर म्हणाले, शेक नको, धुरी नको, टाके पिकतील. तिला ते मुळीच पटलं नाही. पोट मोकळं झालेल्या बाईला शेक न देणारा हा कसला डॉक्टर, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिच्या बोलण्यात पकडून आणलेली प्रत्येक मांजरी ही बाळंतीण होती. 'ती पांढरी पहिलटकरीण', 'ती भुरी अडलेली', 'ती काळी कच्ची बाळंतीण'. बोक्यांना ती 'पाव्हणा' म्हणे आणि त्यांच्याबद्दल फारशा आदरानं बोलत नसे.

मांजरं पकडायची तिची रीत मी दोनदा स्वतः पाहिली. कारखान्यातल्या एका फिटरनं तिला उंदराच्या पिंजऱ्याची मोठी बहीण बनवून दिली होती. पण पिंजरा आणायच्या आधी ती तीन दिवस नुसती जाऊन बसे. मांजरापासून दहा हातांवर, त्याच्याकडं पाठ करून, आपल्याशीच गुणगुणत. पहिल्या दिवशी मांजर पळे. दुसऱ्या दिवशी लांबून पाही. तिसऱ्या दिवशी ते तिच्या मागून येऊन लुगड्याचा वास घेई. मग चौथ्या दिवशी पिंजरा आणि पिंजऱ्यात सुका बोंबील. मी म्हटलं, एवढं कशाला, पहिल्याच दिवशी बोंबील ठेव ना. ती म्हणाली, "भाऊ, कळा येल बाईनाकडे तोंड करीसन बठनं ते ती घाबरस. पाठ करीसन बठनं ते तिले वाटस, हाई मना घरनीच शे." हे मांजरांबद्दल होतं की बायांबद्दल, मला कळलं नाही. तिला त्यात फरक वाटत नसावा.

दुसऱ्याच महिन्यात एक मांजरी क्लोरोफॉर्मखाली मेली. डॉक्टर कितीतरी वेळ छाती दाबत राहिले. आमचा शिपाई दारातूनच म्हणाला की आता काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागणार, नाहीतर पाप फिटत नाही. डॉक्टर शिकलेले, पण त्यांचाही चेहरा उतरला. मथुरामाय त्या मांजरीची आचळं चाचपत होती. तिचे डोळे भरून आले होते. "हाई दूध पाजणारी व्हती," ती म्हणाली. "सुईन राहीसन माले कळनं नही." मग तिनं शिपायाकडं पाहिलं. "सोनानी मांजर कोणले दूध मांगस रे? हिन्या पिल्ला भुक्या शेतस, त्या दखूत."

दोन दिवस तिनं लूमचे सगळे कारखाने पालथे घातले. शेवटी सूत गुंडाळलेल्या कोनांच्या एका रिकाम्या खोक्यात तीन पिल्लं सापडली, डोळे न उघडलेली. तिनं ती घरी नेली. कापसाचा बोळा करून, तो शेळीच्या दुधात बुडवून ती एकेकाच्या तोंडात धरी. तिच्या खोलीत बुद्धाची तसबीर, एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि हे खोकं. तेव्हापासून तिची खोली पोरक्या पिल्लांशिवाय कधी राहिली नाही. डॉक्टरांनी नंतर नियम केला, पकडलेली मांजरी अंगावर पाजते का ते मथुरामायनं पाहिल्याशिवाय सुरी उचलायची नाही. मला तर त्यांनी सांगितलं, "स्वच्छता शिकायची तर हिच्याकडून शीक." आमच्या दवाखान्यात टाके पिकत, तिच्या खोलीत ठेवलेल्या मांजरींचे कधी पिकले नाहीत.

पिल्लं मोठी झाली की ती त्यांना सासरी पाठवी. हा तिचाच शब्द. उंदरांनी सूत कुरतडलं म्हणून कारखानदार मांजर मागायला येत. ती त्यांची उलटतपासणी घेई. दूध कोण देईल, सुटीच्या दिवशी कारखान्याला कुलूप असतं तेव्हा काय, आधीचं मांजर कशानं गेलं. उत्तरं मनासारखी आली तरच पिल्लू मिळे, आणि सहा महिन्यांनी ऑपरेशनला परत आणून द्यायचं कबूल करूनच मिळे. महिन्याभरानं ती माहेरचं माणूस म्हणून पाहून येई.

आता रंगाची गोष्ट. पन्नासेक मांजरं झाल्यावर कुठलं झालंय आणि कुठलं राहिलंय ते ओळखू येईना. पांडेसऱ्याच्या डाईंगमध्ये काम करणाऱ्या एका पोराकडून तिनं कापडाचा पक्का रंग आणला, भडक राणी रंग. ज्याचं ऑपरेशन झालं त्याच्या मानेवर, दोन कानांच्या मागं, जिथं त्याची जीभ पोचत नाही तिथं ती एक ठिपका देई. वर्षभर युक्ती फार छान चालली. भिंतीवरून राणी रंगाचे ठिपके हिंडताना दिसत आणि लोक कौतुकानं बोट दाखवत. मग धुळवड आली. बमरोली रस्त्यावरच्या पोरांना हाताशी आलेलं एकही मांजर पांढरं ठेवायचं नव्हतं, आणि रंग सगळ्यांनी एकाच डाईंगमधून आणलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धापा टाकत आली. "बठ्ठा मांजरं झायेल शेतस नहीते एकबी नही!" तरी तिनं अंदाजानं एक पकडून आणली होती. मी क्लोरोफॉर्म दिला, पोटावरचे केस काढले. डॉक्टर वाकले आणि तसेच थांबले. "माजी, आने तो में ज सीवी छे."

पोटावर त्यांच्याच हातची शिवण होती. मथुरामायनं तोंडावर पदर धरला, मग ती खाली फरशीवर बसली आणि हसायला लागली. डॉक्टर हसले, मी हसलो, बाहेर म्हशीवाले डोकावू लागले. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, तिच्या गावाकडं ठेलारी येतात, ते मेंढीचा कान जरासा कातरून आपली खूण ठेवतात. मग त्या दिवसापासून गुंगीत असतानाच डॉक्टर डाव्या कानाचं टोक कातरू लागले.

नोंदवहीनं मात्र घोटाळा केला. पानामागून पान, 'इतर' रकान्यात मांजर, मालक मथुराबाई. वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांना वाटलं, आम्ही क्लोरोफॉर्म बाहेर विकतो आणि खोटी मांजरं लिहितो. ते म्हणाले, चला, मला या बाईची मांजरं दाखवा. मी त्यांना घेऊन चाळीत गेलो. खोलीत एका खोक्यात दोन पिल्लं होती, बस्स.

"बा, बाकीनी क्यां?" साहेबांनी विचारलं.

"कामवर गयात," मथुरामाय म्हणाली.

साहेब लाल झाले. मथुरामायनं चपला घातल्या आणि त्यांना कामावरची मांजरं दाखवायला निघाली. भर उन्हात, कारखान्यामागून कारखाना. कातरलेला कान दाखवायचा आणि त्या मांजरीची सगळी कहाणी सांगायची, किती खेपा, कुठली पोरं कुठं दिली, कुठला पाव्हणा त्रास देत होता. लूमच्या खडखडाटात ती ओरडून सांगे आणि मी ओरडून गुजरातीत भाषांतर करी. नवव्या मांजरीपाशी साहेबांनी पाणी मागितलं. अकराव्या मांजरीपाशी त्यांनी कागद काढून 'खात्री केली' असं लिहून टाकलं. परतताना त्यांच्या घरी उंदरांचा त्रास आहे असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. मथुरामायनं त्यांना तिथंच उभं करून उलटतपासणी घेतली. साहेब बदामी रंगाचं एक पिल्लू घेऊन गेले.

दोन वर्षं पुरी झाली. चाळीत एकही नवं पिल्लू नव्हतं. जुनी मांजरं धष्टपुष्ट होऊन पत्र्यावर लोळत होती. बाईनं शब्द खरा केला होता, आणि मला वाटलं आता चाळ तिचा सत्कार करील.

झालं उलटंच. केसरबाईची सून इंदू पाचव्यांदा दिवसांत होती. सातवा महिना लागला तशी केसरबाई नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "जो हात कूस बंद करस, तो हात मन्या सूनना पोटले नको लागाले." झालं. दुसऱ्या घरांनाही ते पटलं. मांजरींची कूस बंद करणाऱ्या हाताचा गुण आपल्या लेकीसुनांना लागला तर? पलीकडच्या चाळीतली एक नवखी बाई बाळंतपणांना येऊ लागली. इंदूचं बाळंतपणही तिनंच केलं, आणि रक्त जाऊन इंदू मरता मरता वाचली. त्या वर्षी मथुरामायच्या दारावर थाप पडली नाही.

ती आमच्याकडं येत राहिली, मांजरं आणत राहिली. पण गुणगुणणं थांबलं होतं. एकदा हात धुताना तिनं मला हळूच विचारलं, "भाऊ, मना हातले वास येस का रे?" मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा साबण लावला. मला फार वाईट वाटलं आणि केसरबाईचा इतका राग आला की त्या दिवशी एका गरीब शेळीवाल्यावर मी उगाचच ओरडलो.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी आमच्या बाकावर, शेळी आणि वासराच्या मधे, एक बाई डोक्यावरून पदर पुढं ओढून बसलेली दिसली. बराच वेळ ती हललीच नाही. तिचा नंबर आला तशी मी वही उघडून विचारलं, "जनावर कुठंय?"

"मीच शे," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पदराआडून ती भराभरा बोलू लागली. तिचं नाव इंदू, केसरबाईची सून. पाच पोरं झाली, आता सहावं आलं तर आपण उरत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. चाळीतल्या मांजरी कशा सुटल्या ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा मथुरामाय ज्या डॉक्टरकडं मांजरी नेते तिथंच आपलंही होत असेल, असं समजून ती दोन मैल चालत आली होती. डॉक्टर नायक खुर्चीतून उठले, व्हरांड्यात गेले आणि म्हशींकडं पाहत उभे राहिले. मग आत आले. मला म्हणाले, "जा, मथुरामायला घेऊन ये."

ती आली. इंदूचं सगळं ऐकून घेतलं. मी बशीत चहा ओतून मथुरामायपुढं ठेवला. इंदूला माणसांच्या दवाखान्यात नेलं तर काय होणार ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. केसरबाई जे बोलत होती ते सगळ्यांच्या लेखी खरं ठरणार. आजवर नुसती शंका होती, आता खात्री होईल, आणि पुन्हा कुठल्याही घरात तिला बाळाला हात लावू देणार नाहीत. तिनं बशीतला चहा हळूहळू संपवला. "गयं मनं सुईनपण," ती म्हणाली, बशी खाली ठेवली आणि इंदूचा हात धरला. "चाल, पोरी."

मोठ्या दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली. इंदूचा नवरा रामदास लूमवर होता. आईपुढं त्याची जीभ उचलत नसे. मथुरामाय कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन बसली, फाटकाकडं पाठ करून. पहिल्या दिवशी पाळी सुटली तसा रामदास बाहेर आला आणि तिला पाहून वाट वाकडी करून गेला. दुसऱ्या दिवशी तो लांब थांबून पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी तोच जवळ आला आणि म्हणाला, "माय, तू आठे कसाले बठस?" ती पाठ न वळवता बसून राहिली. चौथ्या दिवशी तिनं कागद पुढं केला. तो घुटमळला, आई काय म्हणेल म्हणाला.

"मंग तूच चाल," मथुरामाय म्हणाली. "बोकानं काम सोपं रास. पाच मिंट."

रामदासनं तिथंच, फाटकाच्या खांबावर कागद टेकवून, सही केली.

इंदू दवाखान्यात होती तोवर मथुरामाय तिच्या खाटेखाली चटई टाकून राहिली. पिल्लांना बोळ्यानं दूध पाजायला त्या आठवड्यात मी जात असे. केसरबाईनं घरात कुणाशी बोलणं सोडलं होतं. इंदू परत आली, हिंडूफिरू लागली, अंगावर जरा मांस दिसू लागलं. चाळ आणि केसरबाई दोघीही तिच्याकडं पाहत राहिल्या. चाळीत पुढं काय चाललं होतं ते माझ्यापर्यंत आलं नाही, कारण त्याच सुमारास माझी व्याऱ्याला बदली झाली आणि मी त्या धांदलीत होतो.

निघायच्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांचा निरोप घेतला. मथुरामाय काही आली नव्हती. मी वळकटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत उभा होतो, आणि समोरून ती येताना दिसली. मागं पाच-सहा बाया. चाळीतल्याच असाव्यात, दोघींना मी ओळखत होतो. इंदूही होती, सगळ्यांना काहीतरी समजावून सांगत होती. आणि सगळ्यांच्या मागं, कडेवर इंदूचं धाकटं घेऊन, केसरबाई.

मथुरामायनं मला पाहिलं. थांबायला तिला वेळ नव्हता. "आज तुना डाक्टरनं काम नही!" ती रस्त्यावरूनच ओरडली. "आज मानसं शेतस!" आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक ट्रक येत होता त्याच्यासमोर तिनं सरळ हात उभा केला. ट्रक करकचून थांबला. ती बायांना घेऊन रस्ता ओलांडू लागली.

केसरबाई मात्र माझ्यापाशी थबकली. मी तिच्याकडं कसा पाहत होतो कोण जाणे, पण तिला जाब विचारल्यासारखं वाटलं असावं. "काय दखस?" ती म्हणाली. "मी अकरा काढ्यात रे भाऊ. चार उरनात. आम्हले कोणी सांगंच नही." कडेवरच्या पोराचं नाक तिनं पदरानं पुसलं. "परवा मनी अंडेर, लेक मनी, बाळंतीण व्हयनी. तिनाच हातनं. पोर आनाले बी तोच हात, थांबाडाले बी तोच. मनं चुकनं."

पलीकडच्या फुटपाथवर मथुरामाय बायांच्या डोक्यांना हात लावून मोजत होती. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. एक कमी भरत होती. तिनं मागं वळून पाहिलं.

"ए केसर!" सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज. "चाल वं! दवाखाना काय तुनी वाट दखी?"

चाळीत केसरबाईला नुसतं 'केसर' म्हणून हाक मारणारं माणूस जन्माला आलेलं नव्हतं. तिनं पोराला कडेवर नीट घेतलं, दुसऱ्या हातानं लुगड्याच्या निऱ्या उचलल्या, आणि केसरबाई पळाली.